टिपरीला डोळा हवा

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. घंटीनंतर समासापर्यंत सहा-सात ठोक्यांची जागा उरते. हात चालू असतानाच ठरवावं लागतं, की शब्द याच ओळीत बसवायचा, पुढच्या ओळीत न्यायचा, की तोडायचा. आणि तोडायचा तर कुठं? आमच्या संस्थेत हा धडा वडील स्वतः शिकवायचे, दुसऱ्या कुणाकडं देत नसत. मराठवाड्यातल्या वाशीत एसटी स्टँडजवळच्या एका गाळ्यात त्यांनी तीन यंत्रांवर टायपिंगची संस्था सुरू केली होती. दोन यंत्रं इंग्रजी, एक मराठी. त्यांच्यानंतर ती मी चालवते. त्याला आता २६ वर्षं झाली.

शब्द तोडायचे वडिलांचे नियम मोजके होते. एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्द तोडायचा नाही. एकटं अक्षर मागं ठेवायचं नाही, पुढंही न्यायचं नाही. हायफन वरच्या ओळीच्या शेवटी द्यायचं, खालच्या ओळीच्या तोंडाशी कधीच नाही. आणि शंका आली तर शब्द मोठ्यानं म्हणायचा, जीभ जिथं टेकते तिथं तोडायचा. हा शेवटचा नियम त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा. संध्याकाळच्या बॅचला यंत्रांच्या खडखडाटात कुणीतरी मध्येच ‘गव्ह-र्न-मेंट’ असं ओरडून बघायचं आणि वडील मान हलवायचे.

जिभेवर भरवसा ठेवून मी कितीतरी वर्षं काम केलं. पीकविम्याचे अर्ज, वाटणीपत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. यात मोठ्या शब्दांशी गाठ पडत नाही. पडलीच तर ‘कार्यकारी अभियंता’ इतपत. त्यामुळं जीभ चुकते का, हे तपासायची वेळच आली नाही.

ती वेळ पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आली. तेव्हा कामं संगणकावर गेली होती. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे एक सर पीएच.डी.चा प्रबंध टाइप करायला घेऊन आले. हस्तलिखित पानं साडेतीनशेच्या वर. विषय ज्ञानमीमांसेचा. म्हणजे माणसाला कळतं ते कसं कळतं, कळलं असं कधी म्हणायचं, भास आणि ज्ञान यांच्यात फरक कसा करायचा, याचा विचार. मजकूर मराठी, पण पारिभाषिक शब्द आला की त्यापुढं इंग्रजी शब्द. त्यातला सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द होता एपिस्टेमॉलॉजी. इंग्रजीत बारा अक्षरं. पहिल्या दिवशी मी तो सात वेळा चुकीचा टाइप केला.

ओळी दोन्ही बाजूंनी सरळ लावायच्या होत्या. एवढा मोठा शब्द पुढच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत शब्दाशब्दांमध्ये भगदाडं पडायची. म्हणून मी माझ्या जुन्या सवयीनं शब्द तोडत गेले. जीभ टेकेल तिथं हायफन. २१४ पानं झाली. छापून, उदबत्तीच्या राखेसारखं जपून गठ्ठा सरांच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. विद्यापीठाला डाव्या बाजूला, बांधणीच्या अंगाला, दीड इंच समास लागतो. मी एकच इंच सोडला होता. समास बदलायला काय लागतं? एक आकडा. मी तो बदलला, सगळ्या ओळी सरकल्या, आणि ओळीच्या शेवटी टाकलेली माझी हायफनं ओळींच्या मध्यात येऊन बसली. धडधाकट शब्दांच्या पोटात आडव्या रेघा. जिथं शब्द तुटायचं कारणच उरलं नव्हतं, तिथं तो तुटलेला.

ओळ सरकली की आपोआप नाहीसं होणारं हायफन संगणकात असतं, कंट्रोल दाबून ते टाकायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टाइपरायटरवर टाकलेलं हायफन कागदावर कायमचं असायचं आणि ओळही कायमची असायची. त्या सवयीनं मी काम केलं होतं. तो दोष माझा होता आणि सर प्रबंध दाखल करण्याच्या मुदतीत अडकलेले. लाइट जायची वेळ ठरलेली, इन्व्हर्टर दोन तासांचा. मी रात्रभर एकेक हायफन शोधून काढत बसले.

सकाळी सर आले. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, लाल पेनानं काही पानं खुणावली आणि म्हणाले, “ताई, हायफनं काढताना एक बघा. एकाच शब्दाचे तुम्ही तीन ठिकाणी तुकडे केलेत. एका पानावर एपिस-टेमॉलॉजी, दुसऱ्यावर एपिस्टे-मॉलॉजी, तिसऱ्यावर एपिस्टेमॉल-ऑजी. यातला बरोबर कुठला?”

मी तिन्ही म्हणून बघितले. जीभ तिन्ही ठिकाणी टेकत होती.

“जिभेच्या हिशोबानं तिन्ही बरोबर,” सर म्हणाले. “अमेरिकी शब्दकोश उघडला तर या तिन्ही ठिकाणी तोडायची मुभा आहे. पण हा शब्द ज्यांनी बांधला, त्यांनी यांतल्या एकाही ठिकाणी बांधलेला नाही.”

मग त्यांनी प्रश्नपत्रिकेच्या एका पाठकोऱ्या कागदावर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आणि त्याखाली दोन ओळी आखल्या. वरच्या ओळीत उच्चाराचे तुकडे: ए, पिस्, टे, मॉल्, ऑ, जी. सहा. खालच्या ओळीत अर्थाचे: एपि, स्टेम, ऑ, लॉजी. चार. दोन्ही ओळींतल्या उभ्या रेघा एकमेकींच्या खाली येत नव्हत्या. ‘लॉजी’मधला ल उच्चारात मागच्या ‘मॉ’ला जाऊन चिकटला होता. ‘स्टेम’मधला स पिच्या मागं लागला होता, म पुढच्या ‘मॉल्’मध्ये गेला होता. तो कागद मी अजून काचेखाली ठेवला आहे. वडिलांचा नियम खोटा नव्हता. पण तो शब्दाच्या एकाच अंगाचा नियम होता, हे मला त्या सकाळी दिसलं.

इंग्रजीतही हे भांडण जुनं आहे. ज्ञान या अर्थाचा त्यांचा साधा शब्द ‘नॉलेज’ घ्या. ओळीच्या शेवटी तो तोडायची वेळ आली तर इंग्लंडातली रीत ‘नो’ इथं तोडायची, कारण ‘नो’ म्हणजे जाणणं, तो अर्थाचा तुकडा. अमेरिकेतली रीत ‘नॉल’ इथं तोडायची, कारण उच्चार तसा. अमेरिकेत नोआ वेब्स्टरनं १७८३ साली मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि जसं बोलता तसं तोडा ही पद्धत शाळाशाळांतून पसरवली. माझ्या वडिलांनी वाशीच्या गाळ्यात जो नियम शिकवला, त्याची एक मुळी तिथवर जाते. जाणण्याचा शब्द नेमका कुठं तुटतो यावर दोन देशांचं एकमत नाही, ही गोष्ट मला त्या प्रबंधाच्या विषयाइतकीच मोठी वाटली.

पण त्या सकाळची खरी कमाई पुढंच होती. सरांनी ‘स्टेम’मधल्या ‘स्ट’भोवती गोल काढला आणि दारातून बाहेर बोट दाखवलं. समोर एसटी स्टँड. “तो स्टँड आणि हा स्ट एकच,” ते म्हणाले. ग्रीक भाषेत एपि म्हणजे वर किंवा जवळ, आणि पुढचा धातू उभं राहण्याचा. एखाद्या गोष्टीपाशी पाय रोवून उभं राहता आलं म्हणजे ती कळली, असा काहीसा तो अर्थ. संस्कृतातला स्था हा त्याच घराण्यातला. स्थान, स्थिती, अवस्था, आस्था सगळे त्याचेच. पोलीस ठाणं त्याचंच, कारण ठाणं म्हणजे स्थान. हिंदुस्तानमधलं स्तान त्याचंच. इंग्रजीत कळणं याला जो साधा शब्द आहे, अंडरस्टँड, त्यातही तोच उभा आहे. आणि माझ्या गाळ्यावरच्या पाटीत, ‘टायपिंग संस्था’ या अक्षरांत, तोच.

ज्या शब्दाला मी पंधरा दिवस भीत होते, त्याच्या पोटातली गोष्ट माझ्या पाटीवर वडिलांच्या काळापासून लिहिलेली होती. स्टँडवरून कंडक्टरची घंटी ऐकत मी तो शब्द टाइप करत होते आणि दोन्हींत एकच मूळ आहे हे मला माहीत नव्हतं.

सरांनी त्या दिवशी आणखी दोन-तीन शब्द उकलले. एक्झिस्टेन्शियलिझम, म्हणजे आपला अस्तित्ववाद. त्यातही तोच उभं राहण्याचा धातू, त्याआधी ‘बाहेर’ या अर्थाचं एक्स. बाहेर येऊन उभं राहणं, म्हणजे असणं. मराठी शब्दाची घडण वेगळी. अस्ति म्हणजे ‘आहे’. अख्खं क्रियापद उचललं, त्याला त्व लावलं, ‘आहे-पणा’ झाला आणि त्याला वाद जोडला. मला विचाराल तर मराठीची घडण जास्त नितळ आहे. दुसरा शब्द फिनॉमिनॉलॉजी. लाम्बर्ट या विचारवंताच्या १७६४ सालच्या जर्मन ग्रंथात तो सापडतो. त्यातलं फिनॉमिनन म्हणजे जे दिसतं, भासतं ते. त्याचा धातू प्रकाशण्याचा, आणि तो आपल्या ‘भा’चा भाऊ. प्रभा, आभा, भास. आपण दिवसातून दहा वेळा ‘मला भासलं’ म्हणतो. त्या मोठ्या शब्दाचं अर्धं धड आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

एपिस्टेमॉलॉजी हा शब्द ग्रीक मुळांचा असला तरी ग्रीकांचा नाही. जेम्स फ्रेडरिक फेरियर या स्कॉटलंडच्या प्राध्यापकानं तो १८५४ साली आपल्या पुस्तकात रुळवला. त्याच पुस्तकात त्यानं जोडीला दुसरा शब्द घडवला होता, अ‍ॅग्नॉयॉलॉजी, म्हणजे अज्ञानाची मीमांसा. काय कळत नाही आणि का कळत नाही, याचं शास्त्र. पहिला शब्द जगभर गेला, दुसरा मागं पडला. मला त्या दुसऱ्याचं वाईट वाटतं. त्यातला पहिला तुकडा ‘अ’ आपल्या अज्ञानातला ‘अ’ आहे आणि ‘ग्नो’ म्हणजे आपला ‘ज्ञा’. अ-ज्ञा. दोन्ही भाषांत शब्द एकाच जागी उकलतो.

या ‘ज्ञ’बद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठी टाइपरायटरवर ज्ञला स्वतःची कळ होती, क्ष आणि त्रसारखी. एक ठोका, एक ज्ञ. त्यामुळं टंकलेखकाला तो एकच अक्षर वाटतो. आपण त्याचा उच्चार द्न्य करतो, हिंदीवाले ग्य करतात, गुजराती ग्न. तीन शेजारी, तीन उच्चार. इंग्रजीत ‘नो’ लिहिताना सुरुवातीला के लिहितात आणि म्हणत नाहीत. माझ्या क्लासमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “मॅडम, म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?” पूर्वी मी ‘पाठ कर’ म्हणायचे. आता सांगते, की तो के एके काळी इंग्रजांच्या तोंडातही होता. आपल्या ज्ञमध्ये सुरुवातीला जे आहे तेच ते, झिजत गेलं आणि कागदावर राहिलं. एवढं सांगितलं की तो के पुन्हा कुणी विसरत नाही.

सरांचा प्रबंध वेळेत गेला. माझ्या शिकवण्यात मात्र त्या आठवड्यानं बदल केला, आणि तो बदल पक्का झाला एका मुलीमुळं.

ही मुलगी वाशीजवळच्या एका वस्तीवरून तीसच्या स्पीडची इंग्रजी परीक्षा द्यायला यायची. आई-वडील दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. इकडं नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणतात. ती आजीकडं राहून शिकायची. हात तिचा फार चांगला होता. पण उताऱ्यात लांब शब्द आला की बोटं थांबायची. “मॅडम, शब्द दिसला की पोटात गोळा येतो. कुठून धरायचा तेच कळत नाही.”

मी तिला एपिस्टेमॉलॉजी लिहून दिला आणि म्हटलं, “तोड.” तिनं अंदाजानं चार तुकडे केले. ए, पीस, टेमो, लॉजी. मी विचारलं, “ऊस लावताना टिपरी कशी तोडता?” ती पटकन म्हणाली, “डोळा बघून. डोळ्यावरून कोयता गेला तर ते उगवत नाही. दोन डोळ्यांची टिपरी असली तर बरं.” म्हटलं, “मग याचेही डोळे शोध.”

ज्यांनी ऊस लावलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाच्या कांडावर पेरापेराशी एकेक डोळा असतो. लागवडीचा कोंब त्यातूनच फुटतो. कोयता दोन डोळ्यांच्या मधे, कांड्यावर बसला पाहिजे. प्रत्येक टिपरीत निदान एक डोळा शाबूत राहिला पाहिजे, नाहीतर जमिनीत गेलेला तो तुकडा नुसता कुजतो. शब्दाच्या प्रत्येक तुकड्यात अर्थाचा डोळा शिल्लक आहे का, हे बघायची दृष्टी त्या मुलीला घरातूनच मिळालेली होती. मला फक्त सांगायचं होतं, की तीच दृष्टी इथं चालते. ‘लॉजी’ तिला लगेच सापडला, कारण बायोलॉजी शाळेत येऊन गेला होता. ‘एपि’ सापडला एपिडेमिकमध्ये. मधला स्टेम मी सांगितला, स्टँडकडं बोट दाखवून.

“आणि हा ऑ? याला तर डोळाच नाही,” ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. मधल्या ओला स्वतःचा अर्थ नाही. तो नुसता सांधा आहे, दोन तुकडे एकमेकांना धरून राहावेत म्हणून घातलेला. असा सांधा मराठीत आहे का, याचा मी दोन दिवस विचार केला आणि मग तो आपल्या प्रत्येक वाक्यात आहे हे लक्षात आलं. घर आणि त. आपण ‘घरत’ म्हणत नाही, ‘घरात’ म्हणतो. मधला आ कुठून आला? त्याला अर्थ नाही. शाळेत आपण त्याला सामान्यरूप म्हणून शिकलो आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. पण तो सांधा नसेल तर मराठीतले प्रत्यय बहुतेक नामांना धड चिकटणार नाहीत. दगड-आ-ला, देव-आ-चा, शाळेत, भिंतीत. ग्रीकांच्या धर्तीवर शब्द घडवणाऱ्यांना जो ओ लागला, तोच आपल्याला आ, ए, ई होऊन लागतो.

इंग्रजीत तर या अर्थहीन ओची आणखी एक गंमत आहे. लॉजीनं संपणाऱ्या शब्दांत सगळा जोर याच सांध्यावर येतो. बायॉलॉजी, जिऑलॉजी, सायकॉलॉजी, एपिस्टेमॉलॉजी. आपली मुलं मराठी सवयीनं सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतात किंवा पहिल्यावरच जोर देतात. मुलाखतीत, वर्गात बोलताना तिथंच अडखळतात आणि आपलं इंग्रजी कच्चं आहे असं धरून चालतात. इंग्रजी कच्चं नसतं. जोर कुठं द्यायचा हे कुणी दाखवलेलं नसतं, एवढंच. शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जोर द्यायचा, हे एक वाक्य सांगितलं की पंधरा-वीस शब्द एका दमात सुधारतात.

त्या मुलीनं शब्द टाइप केला तेव्हा मला तिसरीच तोड दिसली. टंकलेखकाची बोटं अक्षर-अक्षर वेचत नाहीत, त्यांना झुबके लागतात. ‘ओ, एल, ओ’ ही तिन्ही अक्षरं उजव्या हाताच्या अनामिकेची. ओ वरच्या रांगेत, एल मधल्या. बोट वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. मग डावी तर्जनी जीवर, उजवी तर्जनी वायवर. हा एक झुबका बसला की जगातले सगळे ऑलॉजी हाताला येतात. म्हणजे बोट एपिस्टेम इथं थांबतं आणि ऑलॉजी सलग मारतं. जिभेची तोड एक, अर्थाची दुसरी, बोटांची तिसरी. आठ दिवसांत तिच्या पोटातला गोळा गेला. तीसची परीक्षा तिनं दिली, नंतर चाळीसचीही दिली, दोन्ही उत्तीर्ण झाली.

हे इंग्रजीपुरतं राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते. मराठी शब्दही आपण डोळे मिटून तोडतो. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात विद्यार्थी शब्द ‘विद्या’ आणि ‘र्थी’ असा तुटलेला मी पाहिला आहे. विद्या आणि अर्थी, विद्येची इच्छा धरणारा. त्यातले आ आणि अ एकमेकांत मिसळून एकच आ झालेला असतो, तो कुणा एकाचा नाही. देवनागरीत तर अडचण आणखी मोठी. आपलं अक्षर म्हणजे उच्चाराचा तुकडा, असा आपला समज असतो. तसं नाही. ‘शब्द’ हा शब्द आपण लिहिताना श आणि ब्द असा लिहितो, म्हणताना शब् आणि द असा म्हणतो. ओळ तोडताना जोडाक्षराच्या मधे तोडता येत नाही, पण जीभ बरोब्बर तिथंच टेकते. एपिस्टेमॉलॉजी देवनागरीत लिहिला की म आणि ऑ एका अक्षरात, ‘मॉ’मध्ये, कायमचे बांधले जातात. सांधा दिसतच नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. वृत्तात लघु-गुरू मोजताना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरतात, कारण जोडाक्षरातला पहिला अर्धा भाग उच्चारात मागच्या अक्षराला जाऊन बिलगतो. विद्यामधला वि ऱ्हस्व असून गुरू होतो तो त्यामुळं. यमाताराजभानसलगं आपण सगळ्यांनी घोकलं आहे. ते घोकवताना ‘हा उच्चाराच्या तुकड्याचा हिशोब आहे’ असं एखाद्यानं सांगितलं असतं, तर मला इंग्रजीतले सिलॅबल नव्यानं शिकावे लागले नसते.

एपिस्टेमॉलॉजीला आपण ज्ञानमीमांसा म्हणतो. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली तीन खंडांत निघाला. सरांनी त्याचा एक खंड मला आठवडाभर वापरायला दिला होता. आत एकेका शब्दामागं केवढा खटाटोप आहे ते बघून मी तो टेबलावर नुसता उघडून ठेवत असे. मीमांसा या शब्दाची घडणही सरांनीच सांगितली. विचार करण्याच्या धातूची ती इच्छादर्शक दुहेरी घडण आहे, जाणण्याच्या धातूवरून जिज्ञासा होते तशी. जि-ज्ञासा, मी-मांसा. पहिलं अक्षर दोनदा घोटलं की ‘करण्याची ओढ’ असा अर्थ येतो. तेव्हापासून मी ज्ञानमीमांसा हा शब्द ओळीच्या शेवटी आला तर फक्त ‘ज्ञान’नंतर तोडते. ‘ज्ञानमी’ आणि ‘मांसा’ असा तो एका छापील पुस्तकात तुटलेला पाहिला तेव्हा मला वाईट वाटलं. अर्थच मेला होता.

या शब्दाला आमच्या घरात आणखी एक भाषा आहे. माझे आजोबा निजामाच्या अमलात उर्दूत शिकले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्याचा कारभार बदलला, पण त्यांचं हिशोबाचं वहीखातं शेवटपर्यंत उर्दूत होतं. हैदराबादला १९१७ साली दारुल तर्जुमा म्हणून भाषांतराचं खातं निघालं आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. सगळी शास्त्रं उर्दूतून शिकवायची म्हणून तिथं शेकडो शब्द घडवले गेले. एपिस्टेमॉलॉजीला उर्दूत इल्मियात म्हणतात. इल्म म्हणजे ज्ञान, पुढं शास्त्राचा प्रत्यय. आजोबा असते तर एका झटक्यात समजले असते. आमच्या या एका घरात तीन पिढ्यांत त्या एकाच गोष्टीसाठी तीन भाषांचे शब्द येऊन गेले, आणि तिन्ही त्यांच्या त्यांच्या सांध्यावर उकलतात. अवघड कुठलाच नव्हता.

आता संगणक शब्द आपोआप तोडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लियांग या संशोधकानं १९८३ साली त्यावर प्रबंध लिहिला. अक्षरांच्या गटांचे सुमारे साडेचार हजार नमुने यंत्राला दिले की ते शब्द कुठं तोडायचा ते बहुतेक वेळा बरोबर सांगतं. प्रबंधाच्या शीर्षकातही त्यानं प्रत्येक मोठा शब्द तोडूनच छापला आहे. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो, कारण मी तेच काम रात्रभर हातानं केलं आहे. पण यंत्र अक्षरांची वळणं ओळखतं, स्टँड आणि संस्था यांचं नातं नाही. ते मुलांना माणसानंच सांगावं लागतं.

वाशी, भूम, कळंबच्या शाळा-कॉलेजांतून इंग्रजी, तर्कशास्त्र, विज्ञान शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. फळ्यावर लांब शब्द लिहाल तेव्हा दोन रंगांचे खडू घ्या. एकानं उच्चाराच्या रेघा मारा, दुसऱ्यानं अर्थाच्या. कुठल्या रेघा एकावर एक येत नाहीत ते मुलांनाच शोधू द्या. फोटोसिंथेसिस असो, डेमॉक्रसी असो की एपिस्टेमॉलॉजी. शब्दाचा एखादा तुकडा मराठीत, शेतात, नाहीतर स्टँडच्या पाटीवर सापडतो का, तेही विचारा. एका शब्दाला पाच मिनिटं लागतात.